करवतीची दुसरी मूठ

लोकांना मशीनं निवडून देण्यात माझं आयुष्य गेलं. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीची इंजिनं, उसाच्या रसाचे चरक, एकदा तर एका हलवायाला पिस्त्याचे काप करायचं यंत्र. लोक महिनाभर चौकशी करतात, चार ठिकाणी फिरतात, आणि शेवटी ज्याचा रंग आवडला ते घेऊन येतात. म्हणून ते मला बोलवायचे. माझा रंगाकडे ओढा नव्हता आणि एजंटाच्या चहाने मी विरघळत नसे, एवढीच माझी ख्याती.

पण या धंद्याचा पहिला धडा मला लाकडाच्या वखारीत मिळाला. गोष्ट एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची. तेव्हा मी साकीनाक्याच्या एका छोट्या वर्कशॉपात फिटर होतो, वय सव्वीस. इंजिन नुसतं ऐकून त्यात काय बिघडलंय ते सांगता येतं, असा माझा समज होता, आणि तो समज मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

अंधेरीला कुर्ला रोडच्या बाजूला एक मोठी वखार होती. नवरा गेल्यापासून ती राधाबाई नावाच्या बाई एकट्या चालवत. सगळे त्यांना काकू म्हणत. नऊवारी पातळ, पायात जाड चामड्याच्या वहाणा. वखारीतल्या कुठल्याही ढिगाचं वजन त्या लांबून बघून सांगत, आणि तराजू त्यांच्यापेक्षा फार वेगळं काही सांगत नसे. गॅसची शेगडी तेव्हा फार थोड्या घरांत पोचली होती. चूल, अंघोळीच्या पाण्याचा बंब, बेकरीची भट्टी, लग्नाचा स्वयंपाक, सगळं लाकडावर. आणि प्रत्येकाचं लाकूड वेगळं. पार्ल्याचे एक निवृत्त मास्तर फूटपट्टी घेऊन यायचे. त्यांच्या बंबाच्या तोंडात सहा इंचांहून लांब तुकडा जात नसे, म्हणून ते एकेक तुकडा मोजून पिशवीत टाकायचे. काकू त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवत.

एक दिवस काकूंनी वर्कशॉपात निरोप धाडून मला बोलावून घेतलं.

"माधव, तू म्हणे इंजिनाची भाषा समजतोस."

"थोडीफार, काकू."

"मग लाकूड कापायचं इंजिन निवडून दे मला."

झालं होतं असं. मरोळच्या पुढे रस्ता रुंद करायला जुनी चिंचेची झाडं तोडली होती. ती सगळी खोडं काकूंनी एकगठ्ठा घेतली. तीस खोडं, एकेकाचा घेर असा की दोन माणसांनी मिठी मारली तर हाताला हात लागेना. ती एका मोकळ्या मैदानात पडली होती. पावसाळ्याच्या आत उचलायची, कारण चिखल झाला की तिथे लॉरी शिरणार नव्हती. हातात सात आठवडे होते. एवढं मोठं खोड चिरायचं म्हणजे आधी त्याचे दीड-दीड फुटाचे ओंडके करायचे, मग ते पाचर ठोकून फोडायचे. फोडणारे गडी मिळत. अवघड असतं ते आडवं कापणं. एका खोडाला तेरा-चौदा काप, आणि वाळक्या चिंचेचा एक काप घ्यायला दोन माणसांना मोठ्या करवतीने दोन तास लागत. त्या दिवसांत बरेच करवतवाले कोकणात शेताच्या कामाला गेलेले. काकूंकडे उरली होती एकच जोडी, धाकू परब आणि त्यांचा भाचा गोविंद. हिशेब लहान पोरालाही कळला असता.

"परदेशात साखळीची करवत निघालीय," काकू म्हणाल्या. "फोर्टातला एक एजंट येऊन गेला. म्हणे सगळ्यात जास्त ताकदीची घ्या. आता ताकद कशी बघायची, ते तू सांग."

मला ते माहीत नव्हतं. पण मी मान डोलावली.

चेनसॉ मी तोवर चित्रातच पाहिली होती. समजायला ती सोपी आहे. सायकलची साखळी असते तशी एक साखळी, तिच्या कड्यांवर दात. एका लांब पट्टीच्या कडेने ती गरगर फिरते, मागे पेट्रोलचं इंजिन. इंजिन मला कळत होतं. लाकूड कळत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मरोळच्या मैदानात जाऊन धाकूमामांच्या समोर उभा राहिलो आणि सांगितलं, मला लाकूड शिकवा.

धाकूमामा पंचावन्नच्या आसपासचे, काटक, मालवणकडचे. हसले नाहीत. गोविंदला बाजूला व्हायला सांगितलं आणि करवतीची एक मूठ माझ्या हातात दिली. पाच फुटी करवत, दोन्ही टोकांना उभ्या मुठी.

"वड. ढकलू नको. तुझा काम वडूचा, माझा काम वडूचा. ढकललंस काय पाता वाकता."

मी दहा मिनिटांत घामाने निथळलो. मग त्यांनी मला शेजारच्या आंब्याच्या फांदीवर घेतलं, तिथे करवत लोण्यातून गेल्यासारखी गेली. मग जांभूळ. मग पुन्हा चिंच. चिंचेचा बाहेरचा थर पिवळट, तिथे करवत बरी चालते. आत गेलं की काळपट जांभळा गाभा लागतो, आणि करवतीचा आवाजच बदलतो. मी इंजिनं ऐकणारा माणूस, मला ते लगेच आवडलं. मामांनी खाली पडलेला भुसा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"काय दिसता?"

"भुसा."

"नीट बघ. शेवयांसारखो आसा. दात लाकूड कापतत. पिठासारखो पडाक लागलो काय समजायचा, दात मेले. मग कितीय जोर लाव, लाकूड जळतला, कापूचा नाय."

मी तीन दिवस तिथे जात राहिलो. दात कसे घासतात, एक दात डावीकडे आणि एक उजवीकडे का वाकवतात, बुंध्याचा भार कुठल्या बाजूला आहे ते ओळखून काप कुठून सुरू करायचा, हे सगळं विचारून विचारून मी मामांना हैराण केलं. गोविंद पस्तिशीचा, माझ्यापेक्षा मोठा, पण पहिल्याच दिवशी आम्ही अरे-तुरेवर आलो. तो कमी बोलायचा. दुपारी भाकरी खाऊन झाली की पाठ टेकायचा आणि डोळ्यांवर टॉवेल टाकायचा. त्याची बायको आणि दोन मुली घाटकोपरला एका खोलीत राहत, एवढंच मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तो असा आडवा पडलेला असताना मामा माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माधवा, एक इचारू? एका माणसाची करवत पण येता म्हणतत. ती घेतलात, तर गोयंदान काय करूचा?"

मी म्हणालो, "बघू, मामा. लाकूड ठरवेल."

पुढच्या आठवड्यात परीक्षा ठरली. एकूण तीन करवती होत्या. एक विजेवर चालणारी, ती मी जागेवरच बाद केली, कारण मैदानात वीज नव्हती. उरल्या दोन. पहिली एका माणसाने धरायची, नवी, सुटसुटीत, पट्टी दोन फुटांची. दुसरी दोन माणसांची, जुन्या घडणीची, मणभर वजनाची. पट्टी चार फुटांहून लांब, एका टोकाला इंजिन आणि त्याच्या मुठी, दुसऱ्या टोकाला धाकूमामांच्या करवतीसारखीच आणखी एक मूठ, दुसऱ्या माणसासाठी. ताकद विचाराल तर दुसरीची जवळपास दुप्पट.

एजंट डिसोजा नावाचे गृहस्थ होते, टाय बांधून आलेले. सोबत त्यांचा एक ऑपरेटर. लहान मशीनने सुरुवात झाली. आवाज असा की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी दावं ओढायला लागल्या. खोड पट्टीपेक्षा जाड, म्हणून त्याने आधी एका बाजूने अर्धं कापलं, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने. पहिला काप दहा मिनिटांत. दोन तासांचं काम. दुसरा कापही तेवढ्यातच. मी खाली वाकलो. शेवया. सुरेख, लांब, जांभळट शेवया. काकूंनी पदर नाकाला लावला होता, पण त्यांचे डोळे चमकत होते.

तिसऱ्या कापाला ऑपरेटरने जागा बदलली. खोडाचा तो भाग मातीत रुतलेला होता, सालीच्या भेगांत खडी आणि चिखल वाळून बसलेला. त्याने तिथेच पट्टी लावली. क्षणभर ठिणग्या उडाल्या. मग मशीन रडायला लागली. ऑपरेटरने अंगाचा भार टाकला, धूर निघाला, जळल्याचा वास आला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, काप अर्ध्यावर. शेवटी डिसोजांनीच ती बंद करायला लावली; त्यांना तशीही मोठीच विकायची होती.

मी भुसा उचलला. पीठ.

मला सगळं कळलं होतं. मशीन कमी पडली नव्हती, दात मेले होते, तेही खडीवर आपटून. माझ्या खिशात दात घासायची कानस होती. वीस मिनिटं दिली असती तर मी तिचे दात पुन्हा जागे केले असते आणि साल साफ करून तोच काप घेऊन दाखवला असता. मी मान वर केली तर धाकूमामा माझ्याकडेच बघत होते. गोविंद जरा लांब उभा होता, हात पाठीशी बांधून.

काकूंनी विचारलं, "काय झालं रे?"

मी म्हणालो, "गाभ्यात मान टाकतेय, काकू."

मग मोठी मशीन लावली. तिच्या दुसऱ्या मुठीला डिसोजांनी गोविंदलाच उभं केलं, कारण त्यांच्याकडे दुसरा माणूस नव्हता. ती आरडाओरडा न करता, घुमत, एकसारखी चालली. खोडाच्या स्वच्छ भागावर, हेही सांगायला हवं. एका बाजूने शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली, सात मिनिटांत. मामांनी मुंडाशाने तोंड पुसलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "हीच."

खोटं मी काही बोललो असं म्हणता येणार नाही. एवढ्या जाड लाकडाला लांब पट्टी बरी, ताकद जास्त बरी, हे कुठल्याही जाणत्याने सांगितलं असतं. पण मी का सांगितलं ते मला माहीत होतं.

काम झपाट्याने सुरू झालं. इंजिनाच्या बाजूला मामा, दुसऱ्या मुठीला गोविंद. मी रोज सकाळी वर्कशॉपात जायच्या आधी येऊन दात घासून द्यायचो. ते मी मामांकडून शिकलो होतो, आणि आता साखळीवर मीच मामांना शिकवत होतो. दिवसाला पंधरा-सोळा काप व्हायला लागले. मी वर्कशॉपात सगळ्यांना सांगत सुटलो होतो की मुंबईत अशी मशीन कुणाकडे नाही. खरं असेल नसेल, मी चौकशी केली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात साखळी तुटली. रस्त्याकडेच्या झाडांत लोक खिळे मारतात, कंदील टांगायला, गाय बांधायला. झाड वाढतं आणि खिळा पोटात घेतं. बाहेरून काही दिसत नाही. असाच एक जुना खिळा गाभ्याजवळ होता. साखळी तुटली, पट्टीवरून सुटली आणि चाबकासारखी फिरून दुसऱ्या मुठीकडे गेली. गोविंदच्या डाव्या नडगीवर गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत चीर पडली.

मी पोचलो तेव्हा त्याला लॉरीत घालून पार्ल्याच्या इस्पितळात नेलं होतं. पाय वाचला. पण टाके बरेच पडले आणि आतला एक स्नायू तुटला होता. डॉक्टर म्हणाले, चालेल, थोडा लंगडेल.

चौथ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. तो उशीला टेकून बसला होता. त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं आणि ती पाणी आणायला गेली. तेवढ्यात मी त्याला सगळं सांगून टाकलं. भुसा, खडी, खिशातली कानस, मी गप्प का बसलो ते. म्हणालो, "लहान मशीन घेतली असती तर त्या टोकाला कुणी उभंच नसतं, गोविंद. तुझं काम जाऊ नये म्हणून मी हे केलं."

त्याने चादर पायावर नीट ओढून घेतली. मला वाटलं, चिडला. मग म्हणाला, "मामाक पण म्हायत होता?"

"हो."

"आणि तुका पण."

"हो."

"माका कोणी इचारल्यान?"

मी स्टूल जरा मागे सरकवलं.

"वीस वर्सां मी ती करवत वडतंय," तो म्हणाला. "मामान हातात दिल्यान, म्हणान वडतंय. माका लॉरी चलवची होती. मामाक सांगूचा धीर नाय झालो. ती एका माणसाची मशीन बघलंय, तेव्हा माका वाटला, सुटलंय. आता काकूच सांगतली, तुझा काम नाय. तेवढ्यात तू म्हणालंस, हीच."

तो रागाने बोलत नव्हता. नुसतं सांगत होता. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आम्ही दोघं थांबलो.

तिथून मी तडक वखारीत गेलो. काकू मास्तरांना लाकडं देत होत्या. मास्तर जाईपर्यंत मी थांबलो, आणि काकूंनाही सगळं सांगितलं. आता ही बाई मला वखारीतून घालवून देणार आणि साकीनाक्यापर्यंत माझी अब्रू जाणार, अशी मनाची तयारी केली होती.

काकूंनी तराजूचं पारडं पुसून ठेवलं.

"माधव, या वखारीत मला अठरा वर्षं झाली. शेवया आणि पीठ यांतला फरक मला कळत नाही, असं वाटलं तुला?"

त्यांनी वजनं एकावर एक रचली.

"मलाही वाटलं, गोविंदच्या पोटावर पाय नको. तू मोठी म्हणालास, मला बरंच वाटलं. माझ्या तोंडून यायला नको होतं ते तुझ्या तोंडून आलं." मग त्या म्हणाल्या, "तो काय म्हणाला?"

मी सांगितलं. काकू खुर्चीत बसल्या, मास्तरांच्या खुर्चीत. तिघं माणसं एका माणसाचं भलं करायला निघाली होती, तिघांनाही खरं दिसत होतं, आणि तो माणूस दहा हातांवर उभा होता.

अजून आठ खोडं उरली होती आणि आकाशात ढग जमायला लागले होते. काकूंना विचारून मी दुसऱ्या दिवशी फोर्टात जाऊन डिसोजांकडून ती लहान मशीन आणली. खरं सांगायचं तर घाई होतीच, पण त्याहून जास्त मला बघायचं होतं. परीक्षा अर्धवट राहिली होती आणि ती माझ्यामुळे राहिली होती. धाकूमामांनी तारेच्या ब्रशने साल घासून काढली, खिळ्याची शंका आली तिथे आधी कुऱ्हाडीने उकरून बघितलं. मी प्रत्येक खोडानंतर दात घासले. त्याच अर्धवट राहिलेल्या कापापासून आम्ही सुरुवात केली. नऊ मिनिटं लागली. खाली पडल्या त्या शेवया. मामांनी मूठभर उचलल्या, माझ्यापुढे धरल्या, आणि टाकून दिल्या.

आठही खोडं पावसाच्या आत निघाली. मामा एकटे ती मशीन चालवायचे आणि दुपारी एकटेच जेवायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "चालतंय ना, मामा?" ते म्हणाले, "चलता. पण बोलूचा कोणाशी?" त्या मशीनच्या आवाजात तसंही कुणाशी बोलता आलं नसतं, पण मला त्यांचं म्हणणं समजलं. आणखी दोन वर्षांनी ते गावी गेले ते कायमचेच. मोठी मशीन वखारीच्या मागच्या शेडमध्ये पडून होती. जाड खोड आलं की ती काढायचो, पण आधी विचारायचो, दुसऱ्या टोकाला कोण उभं राहतंय, त्याला राहायचंय का. डिसोजा यावर हसायचे. म्हणायचे, मिस्त्री, यू आर सेलिंग मशीन ऑर अरेंजिंग मॅरेज.

नंतरच्या वर्षांत मी किती गिरण्यांत, किती कारखान्यांत मशीनं बघायला गेलो. मालक मला ताकद विचारायचे, किती हॉर्सपॉवर, किती वेग. ते मी सांगायचोच. पण त्याआधी मी मशीन चालवणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचो. काही मालकांना ते आवडत नसे. एकाने मला स्पष्ट सांगितलं, मी तुम्हाला बोलावलंय, त्याला नाही. त्या मालकाचं काम मी सोडलं. त्यात शहाणपण किती आणि जुनं ओझं किती, ते मला अजून सांगता येत नाही.

गोविंदचं सांगायचं राहिलं. त्याचा पाय भरून आल्यावर काकूंनी त्याला वखारीत बोलावलं आणि माझ्यादेखत विचारलं, "तुला काय करायचंय?" तो खाली मान घालून म्हणाला, लॉरी. वखारीच्या ड्रायव्हरजवळ तो आठ महिने शिकला, लायसन मिळालं, आणि पुढे ती लॉरी त्याच्याच हातात आली.

एकदा मुलुंडच्या एका बेकरीला लाकूड पोचवायचं होतं, मलाही तिकडेच जायचं होतं, म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. घाटकोपर सोडलं तशी रस्त्यावर गर्दी लागली. दर दहा पावलांवर गाडी थांबायची, तो क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. क्लच डाव्या पायाचा. प्रत्येक वेळी त्याच्या जबड्याशी एक शीर ताठ होताना मला दिसत होती. भांडुपच्या पुढे न राहवून विचारलं, "गोविंद, दुखतं का रे?"

"दुखता," तो म्हणाला, आणि गिअर बदलला. "पण गाडी मीच मागून घेतलंय ना."